झबलं वजा जाता

आमच्या समोरच्या घरी बारसं होतं. बायका घुगऱ्यांच्या वाट्या घेऊन बसल्या होत्या आणि बाळ एकेकाच्या हातून पुढे पुढे जात होतं. होता होता ते आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूंच्या हातात आलं. बाळ हातात आलं की चारचौघं नाक कुणावर गेलंय ते सांगतात. या गृहस्थांनी डोळे मिटले, बाळाला दोन्ही तळहातांवर हलकेच वर-खाली केलं आणि म्हणाले, "तीन किलो दोनशे." मग डोळे उघडून बाळाकडे नीट बघितलं आणि दुरुस्ती केली, "झबलं वजा जाता तीन शंभर."

बाळाच्या आजीला हे अजिबात आवडलं नाही. तिने तिथल्या तिथे मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. दोन दिवसांनी बाळाला दवाखान्यात नेलं तेव्हा तिथला काटाही तेच बोलला. त्यानंतर गल्लीतल्या आया दवाखान्यात जायच्या आधी बाळं आमच्या जिन्याशी आणून उभ्या राहायला लागल्या.

हे गृहस्थ सरकारच्या वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानातले काटे तपासायचे, आणि बंद पाकिटावर जेवढं वजन छापलंय तेवढा माल आत आहे की नाही ते बघायचं, हे त्यांचं काम. बिस्किटं, शेव, मसाले, बर्फीचे डबे, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. घर अकोल्याला, नोकरी नागपुरात. शनिवारी रात्रीच्या गाडीने घरी जायचे आणि सोमवारी सकाळी हजर व्हायचे. आमच्या इतवारीच्या बाजारात त्यांना नावाने कुणी ओळखत नव्हतं. सगळ्यांसाठी ते काटेसाहेब.

आता आमचा धंदा काय, तर चिवडा. पाकिटातला, वजन छापलेला. आमच्या ह्यांनी खोली देताना गृहस्थ पाणी किती वापरतात, पाहुणे किती येतात, रेडिओ लावतात का, सगळं विचारलं. नोकरी कुठली हे तेवढं विचारायचं राहिलं.

तशी चुणूक पहिल्याच दिवशी मिळाली होती. ह्यांनी दारावर खडूने लिहिलं होतं, 'खोली भाड्याने, दहा बाय बारा'. साहेबांनी खिशातून टेप काढून खोली मोजली आणि खाली येऊन म्हणाले, "पसंत आहे. पण ही दहा नाही, नऊ फूट आठ इंच आहे." ह्यांना वाटलं, भाड्यात घासाघीस करणार. साहेब म्हणाले, "भाडं तुम्ही म्हणाल तेच देतो. पाटी दुरुस्त करा."

"आता खोली तुम्हीच घेतली ना, मग पुसूनच टाकतो पाटी," हे म्हणाले.

"आधी दुरुस्त करा, मग पुसा."

आणि आमच्या ह्यांनी, जे मला दहादा सांगूनही नळाची चकती बदलत नाहीत त्यांनी, खडू आणून पाटीवर नऊ फूट आठ इंच लिहिलं, साहेबांनी ते वाचलं, मान हलवली, आणि मग हे ओल्या फडक्याने ती पाटी पुसत बसले. मी दारात उभी राहून बघत होते. मला हसू आवरेना आणि आपण काय घरात घेतोय याचा पत्ताही नव्हता.

आमच्या घराची रचना अशी की वरच्या खोलीचा जिना पाकिटं भरायच्या खोलीतून जातो. दुसरी वाटच नाही. साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आपल्या ऑफिसला लेखी कळवून टाकलं की मी राहतो त्या घरी चिवड्याचा धंदा आहे, तर त्यांची तपासणी माझ्याकडे नको. तेव्हापासून आमच्याकडे दुसऱ्या निरीक्षक मॅडम येत. पण तेवढ्याने साहेबांचं समाधान नव्हतं. जिना उतरायच्या आधी ते वरून दोनदा खोकायचे, आणि मग हात पाठीमागे बांधून, नजर छताला लावून आमच्या मालामधून चालत जायचे. उगाच नजर जाऊन तपासणी व्हायला नको! कामाला येणाऱ्या बायका पदर तोंडात कोंबून हसायच्या. एकदा छताकडे बघता बघता साहेब शेंगदाण्याच्या पोत्यावर आडवे झाले. उठले, कपडे झटकले, पोत्याकडे न बघताच "माफ करा" म्हणाले आणि दाराबाहेर पडले.

लोकांना वाटायचं आमची चैन आहे. बाजूचा भांडीवाला ह्यांना म्हणायचा, "तुमचं बरं आहे गा, सरकारच घरात पाळलं. तुमाले कोण हात लावते!" त्याला काय सांगणार? ज्याच्या घरात सरकार राहतं त्यालाच ते जास्त भोवतं.

संध्याकाळी साहेब इतवारीतून फेरी मारायचे. कामासाठी नाही, नुसतंच. ते गल्लीच्या तोंडाशी आले की ही बातमी हातगाड्यांच्या आधी आत पोहोचायची. मिठाईवाल्यांचे हात चटकन काट्याकडे जायचे आणि बर्फीसोबत तोलला जाणारा खोका खाली उतरायचा. नाहीतर एरवी आपण बर्फीच्या भावाने पुठ्ठा विकत घेतो आणि वर हसत घरी येतो. साहेबांना सगळं ठाऊक होतं. परत आल्यावर मला म्हणायचे, "फिरून आलो, वहिनी. अर्धा तास गल्ली खरी वागली. व्यायामही झाला."

एका दिवाळीत कुणा व्यापाऱ्याने त्यांना किलोभर संत्रा बर्फीचा डबा पाठवला. कशासाठी ते सांगायला नको. साहेबांनी डबा आणणाऱ्याला खालीच थांबवलं, वरून आपला काटा आणला, बर्फी ताटात काढून तोलली, पुन्हा होती तशी रचून भरली आणि म्हणाले, "परत ने. शेठला सांग, घेत नाही. आणि हेही सांग की लाच देतानासुद्धा कमी भरलंय." दुसऱ्या दिवशी ते स्वतः त्या दुकानात तपासणीला गेले. त्या शेठने पुढे बरेच दिवस आमच्याशी बोलणं टाकलं होतं, जणू ती बर्फी आम्हीच तोलली.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "छापलं ना? मग द्या." दुकानदार कारणं सांगायचे. यंत्र बिघडलं होतं, हवा कोरडी आहे, मजूर नवा आहे, पाकीट उंदराने कुरतडलं. साहेब सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, आणि शेवटी तेच. छापलं ना? मग द्या. जे छापलेलं नाही त्याच्याशी मात्र त्यांचं काही भांडण नव्हतं. भाजीवाल्याने वर टाकलेल्या चार मिरच्या ते आनंदाने घ्यायचे. सासूबाईंनी पाठवलेली कढी वाटी चाटूनपुसून संपवायचे आणि वाटी घासून परत करायचे. पण चिवडा नाही! वाटीत घालून दिलेलाही नाही. "आज वाटीत आहे, आई, पण उद्या पाकिटात जाणारा माल आहे हा," असं म्हणून हात जोडायचे.

सासूबाईंचं आणि त्यांचं नातं मोठं गमतीचं होतं. चिवडा सासूबाईंचा, पाकिटावर फोटोही त्यांचाच. नथ घातलेल्या, भाच्याच्या लग्नात कुणीतरी घाईत काढलेला तो फोटो. त्यात त्या रागावल्यासारख्या दिसतात, पण ह्यांचं म्हणणं, त्यामुळेच गिऱ्हाइकाला माल खरा वाटतो. त्यांचं माहेर खाप्याचं. तिथून लग्नात आलेलं एक पितळी माप होतं. धंदा सुरू केला तेव्हा त्यांनी ते माप शिगोशीग भरून एकदा काट्यावर तोललं, दोनशे ग्रॅमला जरासं वरच भरलं, आणि तिथेच काट्याचं काम संपलं. मग पाकिटं भरली ती त्या मापानेच. एक शीग, वरून मुठीतलं थोडं. सरकारी शिक्का मारलेला विजेचा काटा खोलीत होता, पण त्याच्यावर फडकं टाकलेलं असे आणि फडक्यावर बहुतेकदा मांजर.

"काटा म्हणजे ज्याच्या हातावर भरोसा नाही त्याच्यासाठी," असं त्या म्हणायच्या.

साहेब महिन्यातून एकदा आमचं पाकीट घ्यायचे. आमच्याकडून नाही, बाजारातल्या दुकानातून, पक्कं बिल घेऊन. वर जाऊन तोलायचे, मग खायचे. आणि खाऊन झालं की खाली येऊन तक्रार करायचे.

"आई, तुम्ही जास्त देऊन राहिल्या. पाकीट वजा जाता दोनशे अठरा."

"मंग? तुमाले कमी पाहिजे का?"

"दोनशे छापलंय तर दोनशे द्या. जास्त म्हणजेही चुकलंच ना."

"अठरा गरामानं तुमचं पोट दुखलं काय? दुखलं असन तर ओवा देते."

दर महिन्याला हेच. दोघांनाही हे भांडण हवं असायचं. एखाद्या महिन्यात साहेबांना उशीर झाला तर सासूबाई मला विचारायच्या, "साहेबानं या महिन्यात पाकीट नाही घेतलं काय वं?"

ज्या वर्षीची गोष्ट सांगायची आहे त्या वर्षी आमची दिवाळी मोठी होती. इतवारीतली दुकानं तर होतीच, शिवाय कन्हानच्या एका कारखान्याने सगळ्या कामगारांना वाटायला आमचा चिवडा मागवला होता. एवढी मोठी मागणी आम्हाला पहिल्यांदाच आलेली. हे आनंदात एका नव्या गिरणीतून पोहे घेऊन आले. एकदम पातळ, तळहातावर घेतले तर पलीकडचं दिसेल असे. चिवडा असा फुलून आला की पाकिटं गुबगुबीत दिसायला लागली. सासूबाईसुद्धा खूष होत्या. दुकानांतला माल पोहोचला होता आणि कन्हानची पाकिटं खोलीत छतापर्यंत रचून तयार होती.

त्या संध्याकाळी वरून खोकल्याचा आवाज आला नाही. साहेब जिन्याने उतरले ते सरळ आमच्याकडे बघत. बायकांचे हात थांबले. साहेबांच्या हातात आमचं पाकीट होतं, फोडलेलं, पण खाल्लेलं नव्हतं.

"आई," ते म्हणाले, "हे मी आज दुकानातून घेतलं. यात कमी आहे."

सासूबाई हसल्या. "जास्त म्हणा. जिभेले सवय नाही राहिली तुमच्या."

"कमी आहे, आई. थोडंफार नाही. कायद्यात जेवढी सूट आहे त्याच्याही खाली आहे."

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. पाकिटावरच्या फोटोत जेवढ्या रागावलेल्या दिसतात त्याच्या दुप्पट दिसत होत्या.

"मी कमी देईन? मी? आजवर या हातानं कोणाले कमी दिलं नाही, अन् दिवाळीच्या तोंडावर तुम्ही मले चोर म्हणून राहिले? काहून, काय वाकडं केलं मी तुमचं? उद्याच्या उद्या खोली खाली करा."

"करतो," साहेब म्हणाले. "पण सकाळी ऑफिसात तक्रार देईन. मी गिऱ्हाईक आहे, बिल आहे माझ्याकडे." आणि वळून वर गेले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण जिन्यावर त्यांची पायरी चुकली ते मी बघितलं.

तक्रार म्हणजे काय, हे मला पूर्ण कळत होतं. मॅडम येणार, पाकिटं फोडणार, कमी भरली की सगळा माल जप्त. कन्हानची मागणी गेली. तेही एक वेळ सोसलं असतं. पण सासूबाईंचा फोटो प्रत्येक पाकिटावर होता. इतवारीतल्या प्रत्येक दुकानात, लोकांच्या डोळ्यांसमोर, कमी देणारी बाई म्हणून त्यांचा चेहरा टांगला गेला असता. त्या रात्री जेवल्या नाहीत. हे वर जाऊन साहेबांना म्हणाले, "साहेब, जरा सांभाळून घ्या. घरचे आहो आपण."

साहेब म्हणाले, "तुम्हाला सांगितलं ते गिऱ्हाइकानं. ऑफिसला सांगणार तोही गिऱ्हाईकच. साहेब यात कुठं आहे? असता तर खाली येऊन बोललाच नसता." हे खाली येऊन मला विचारत बसले की याचा अर्थ काय. मी म्हटलं, याचा अर्थ सकाळी तक्रार जाणार.

सकाळी साहेब बॅग आणि वळकटी घेऊन जिन्यात आले. मला बघून थांबले. "वहिनी," ते म्हणाले, "आईंचा हात चुकलेला नाही. चुकणारच नाही, मी महिन्याच्या महिन्याला तोललाय. दुसरं काहीतरी चुकलंय." सामान जिन्यात ठेवून ते ऑफिसला गेले.

मी जशीच्या तशी ही गोष्ट सासूबाईंना सांगितली. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"काय म्हणाला तो?"

"आईंचा हात चुकणार नाही म्हणाले."

"त्याच्याच तोंडानं म्हणाला?"

"होय."

त्या उठल्या. पाकिटं भरायच्या खोलीत आल्या, मांजराला खाली उतरवलं आणि काट्यावरचं फडकं ओढून काढलं. पितळी माप शिगोशीग भरलं, वरून मूठ टाकली, आणि तोललं. कमी. पुन्हा भरलं. कमीच. तिसऱ्यांदा त्यांनी माप असं दाबून भरलं की पोह्यांचा चुरा व्हायला लागला, तरी काटा ऐकेना. त्या तिथेच पोत्यावर बसल्या. मला इतकं वाईट वाटलं की मी मुद्दाम दुसरीकडे बघायला लागले. मग त्यांनी परातीतले कच्चे पोहे मुठीत घेतले आणि त्यांवर नुसती फुंकर घातली. अर्धे पोहे उडून माझ्या पदरावर आले.

"हे पोहे कोणत्या गिरणीचे?" त्यांनी ह्यांना हाक मारून विचारलं. ह्यांनी सांगितलं.

"अन् मले काहून नाही सांगतलं?"

"आई, दिसायला चांगले होते..."

स्वयंपाकघरातल्या डब्यात जुन्या गिरणीचे पोहे घरच्यासाठी शिल्लक होते. सासूबाईंनी तेच माप आधी जुन्या पोह्यांनी भरून तोललं, मग नव्या. माप तेच, हात तोच, पण नवे पोहे इतके पातळ की माप भरलं तरी वजन भरत नव्हतं. गुबगुबीत पाकिटांनी आम्हाला सगळ्यांनाच फसवलं होतं. सासूबाईंनी दोन्ही आकडे दोनदा बघितले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. चोर त्या नव्हत्या! पण पाकिटात कमी होतं, हेही तितकंच खरं होतं.

"हातगाडीवाल्याले बोलाव," त्या मला म्हणाल्या.

त्यांनी काठाची साडी नेसली, नथ घातली, आणि हातगाडीच्या पुढे चालत त्या इतवारीत निघाल्या. मी मागे. दिवाळीची गर्दी, टेम्पो, पणत्यांचे ढीग, आणि त्यातून ही वरात. पहिल्याच दुकानापुढे उभं राहून त्या म्हणाल्या, "माझ्या पाकिटात कमी भरलं आहे. सगळी परत द्या."

दुकानदार कावराबावरा झाला. "आई, हळू बोला ना. गिऱ्हाईक उभं आहे."

"फोटो माझा आहे. मी मोठ्यानंच बोलीन."

दुकानामागून दुकान हेच. ज्यांनी पाकीट घेऊन नेलं होतं त्यांनाही निरोप सांगा, बदलून देईन, असं त्या बजावत होत्या. लोक थांबून पाकिटावरचा फोटो आणि समोरची बाई ताडून बघत होते. ज्याने बर्फी पाठवली होती तो शेठ आपल्या गादीवरून उठून बाहेर आला आणि बघत राहिला. मला आधी लाज वाटत होती. मिठाईच्या गल्लीत पोहोचेपर्यंत मी स्वतःच ओरडायला लागले होते, "कमी भरलंय, परत द्या!"

आम्ही परतलो तेव्हा दारात मॅडम उभ्या होत्या, साहेबांच्या तक्रारीचा कागद घेऊन. मागे हातगाडी, तिच्यावर पाकिटांचा डोंगर. मॅडमना काही बोलायला अवसर न देता सासूबाई म्हणाल्या, "लिहा. कमी आहे. सगळीच कमी आहेत. पोहे हलके होते, पण ते कारण लिहू नका. छापलं होतं, दिलं नाही."

मॅडमनी नियमाप्रमाणे सगळं केलं. पाकिटं तपासली, पंचनामा झाला, पुढे दंडही भरावा लागला. तो भरायला सासूबाई स्वतः ऑफिसात गेल्या. कागदपत्रं झाल्यावर मॅडमनी नवीन भरायला परवानगी दिली तेव्हा कन्हानची पाकिटं भरायला अख्खी गल्ली आमच्याकडे आली. भांडीवाल्याची बायको, बारशाच्या घरची आजी, सगळ्याजणी. या वेळी काट्यावर, ग्रॅमला ग्रॅम लावून. कारखान्यात माल उशिरा पोहोचला, पण पोहोचला.

त्या सगळ्या गडबडीत साहेब परत आले आणि जिन्यातली वळकटी उचलायला लागले.

"कुठी चालले?" सासूबाईंनी काट्यावरून डोळे न काढता विचारलं.

"खोली खाली करायला सांगितली होती तुम्ही."

"महिन्याचं भाडं दिलं ना? मंग महिना पुरा करा. मी कोणाले कमी देत नाही."

साहेबांनी वळकटी पुन्हा वर नेली. जाताना नजर छताला लावली आणि त्या नादात मांजराच्या शेपटीवर पाय दिला.

त्यानंतर तो महिना काही वर्षं चालला. पाकिटं आता काट्यावरच भरली जायची. सासूबाई बोलायच्या नाहीत, पण त्यांना ते आवडत नव्हतं. पितळी माप धुऊन पुसून फळीवर ठेवलेलं असायचं. कधी कधी त्या हात उगाच तसा वळवायच्या, शीग धरल्यासारखा, आणि मग पदराला पुसायच्या. साहेबांचं महिन्याचं भांडणही संपलं. ते तोलायचे आणि खाली येऊन सांगायचे, "बरोबर आहे, आई." सासूबाई "असन" म्हणून कामाला लागायच्या. मला तर कधी कधी वाटायचं, एखाद्या महिन्यात आपणच गुपचूप अठरा ग्रॅम जास्त टाकावे.

मग साहेबांची चंद्रपूरला बदली झाली. निघायच्या दिवशी टेम्पो दारात लागला. गल्लीतली बाळं, जी आता आपल्या पायांनी धावत होती, त्यांनी एकेक करून साहेबांच्या हातावर चढून वजन करून घेतलं. प्रत्येकाला त्यांनी चप्पल वजा जाता आकडा सांगितला.

सासूबाई दिसेनात. आतल्या खोलीतून पितळी मापाचा आवाज येत होता. एकदा आला, पुन्हा आला, मग मी कान देऊन ऐकायला लागले, तर तो थांबेचना. शेवटी त्या बाहेर आल्या. हातात साधी पांढरी कापडी पिशवी. ना फोटो, ना कुठे एक अक्षर छापलेलं. पिशवी उशीएवढी फुगली होती आणि तिचं तोंड बांधायला दोरी पुरली नव्हती.

"चिवडा आहे," त्या म्हणाल्या. "जुन्या गिरणीच्या पोह्यांचा. दोनशे गराम. काटा नाही लावला, हातानं भरला." मग जरा थांबून, साहेबांच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "तुम्ही सांगा. माझा हात चुकला का?"

सगळी गल्ली बघत होती. साहेबांनी आजवर कधी वाटीतला चिवडासुद्धा घेतला नव्हता. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. पिशवी हातावर आली तसे त्यांचे हात खाली गेले, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी डोळे मिटले, पिशवी हलकेच वर-खाली केली, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला तरी हलले नाहीत.

"पिशवी वजा जाता," साहेब म्हणाले, "दोनशे. बरोबर दोनशे, आई."

पिशवी त्यांनी सामानात टाकली नाही. मांडीवर घेऊन टेम्पोत बसले.

टेम्पो वळेपर्यंत सासूबाई दारात उभ्या होत्या. मग माझ्याकडे वळल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू तर त्यांच्याच्याने थांबत नव्हतं.

"किलोच्या वर होता वं," त्या म्हणाल्या. "चांगला किलोच्या वर. पक्का खोटारडा निघाला माणूस!"